साडेतीनला घर नाही

मार्चमध्येच बेचाळीस. कुंभारीच्या वसाहतीत
पत्रे तडतडतात, आणि मी विचारतो,
"गेल्या आठवड्यात गुडघा किती दुखला?
शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवेना इतका."
वाक्य बदलायचं नाही, क्रम बदलायचा नाही,
चेहऱ्यावर आठी किंवा हसू आणायचं नाही:
प्रशिक्षणात तीन दिवस हेच घोकलं.
सोलापुरातली पाच रुग्णालयं, पुढं लातूर, नाशिक, भिवंडी,
सगळीकडं हाच कागद, हेच चौदा प्रश्न,
ऑपरेशनच्या आधी, मग तीन महिन्यांनी, मग वर्षानं.
टाके किती, खाट किती दिवस अडली, बिल किती,
हे आधीपासून लिहिलेलं असायचंच.
माणूस बरा झाला का,
तेवढं कुणी एकसारखं विचारलं नव्हतं.

नरसम्मा बोल्ली, वय एकसष्ट, उजवा गुडघा.
"तेलुगूत नको, मराठीतच विचार. सुनेला पण कळू दे."

सकाळी साखर पेठेत हाच प्रश्न मी नोप्पी म्हणून नेला होता,
होटगी रोडला नोवु म्हणून,
नई जिंदगीत दरद म्हणून.
मराठीत तर कळ येते, ठणका लागतो, चमक निघते,
ठसठसतं, रग लागते, आणि कधी नुसतंच सलतं.
कागदावर यातलं काही नाही.
अकरा गोल आहेत.

प्रश्न सातवा. मोटारीत बसता-उतरताना त्रास होतो का?
"कुणाच्या मोटारीत?"
प्रश्न आठवा. जिना?
"जिना कुठला. टाकीवर नात चढते."
मी दोनदा 'लागू नाही'वर खूण करतो
आणि सुपाकडं बघतो. ते आता मांडीवर नाही,
प्लास्टिकच्या खुर्चीसमोर स्टुलावर.
"खुर्चीत बसून वळलं की पान फाटतंय.
दिवसाला आठशे व्हायच्या, आता पाचशे.
हे कितव्या प्रश्नात?"

कितव्याच नाही.
मला शरम वाटते. मी वाक्य बदलतो:
"मावशी, मलाही पटत नाही हे.
दुखणं असं मोजता येतं का?"

तिची कात्री थांबते.
पत्र्याचा फर्मा उचलून ती माझ्या कागदावर ठेवते.
"हा बघ. ह्याच्यावर ठेवून पान कापायचं. कडेचं वाया जातंय, जातंय की.
पण माझ्या सासूच्या वेळी
एका कारखान्याचा हजार हजाराचा होता,
दुसऱ्याचा साडेदहाशेचा.
कट्टे मोजणारा तोच, छाट काढणारा तोच.
हजार म्हणजे किती, ह्यावर भांडून म्हातारी गेली.
मोज की तू. पण सगळ्यांचं सारखं मोज,
आणि मोजलेलं त्या डॉक्टरला दाखव.
आणि मांडीचा प्रश्न घाल त्यात. पंधरावा."

मी समासात लिहून घेतो. समास अरुंद आहे.

"भिवंडीला माझी धाकटी बहीण. तिचा पण गुडघा केला.
तिला हेच विचारलं?"
हेच.
"ह्याच शब्दांत?"
ह्याच.
"किती म्हणाली?"
ते सांगता येत नाही, मावशी.
"दोन म्हणाली असणार. लहानपणी विंचू चावला
तेव्हा पण दोनच म्हणाली असती ती."
सून हसते. यावर काय करायचं
ते तीन दिवसांत शिकवलं नव्हतं.

"बरं, माझं लिही. साडेतीन."
साडेतीनला घर नाही. तीन, नाहीतर चार.

ती गुडघा जरा लांब करते,
परक्याचं लेकरू बघावं तसं त्याच्याकडं बघते.
"चार लिही.
हजाराला पन्नास वर दिल्या आम्ही,
अर्ध्याचं काय."

मी चारचा गोल काळा करतो,
रेघेच्या बाहेर न जाता.